साहेबांचा नवा जोडा

खिडकीतून साहेब बागेत फिरताना दिसत होते. जोडा नवा, तरी चाल मोकळी. कारण आधी आठवडाभर तो मी घातला होता. अमेरिका नुकतीच स्वतंत्र झालेली, साहेब तिथले मंत्री आणि मी त्यांचा चिटणीस. त्यांची पत्रं, त्यांचं सामान आणि पायाचं माप सारखं म्हणून त्यांचे जोडेही माझ्याकडेच. लोकांची संतापलेली पत्रंसुद्धा मी आधी वाचायचो आणि मऊ करून त्यांना सांगायचो. नवा देशही नव्या जोड्यासारखा कुणाच्या तरी टाचेला लागतोच. माझ्या टाचेवरचा फोड ठसठसत होता. चालवत नव्हतं, उभंही राहवत नव्हतं.

साहेब आत आले. "मोची हाच ठेवा," ते खुशीत म्हणाले. "याचा जोडा पहिल्या दिवसापासून चावत नाही."

मी लोकांच्या पत्रांच्या ढिगातलं वरचं पत्र उचललं आणि जसंच्या तसं, मोठ्याने वाचायला लागलो.