भानुदास मेश्राम यांचा केक

"गाईला चारायचं नसतं, तिच्या पोटातल्या जंतूंना चारायचं असतं," असं भानुदास मेश्राम एकदा भर लग्नाच्या पंगतीत म्हणाले होते, आणि शेजारच्या पाहुण्यानं जिलबी ताटात परत ठेवली होती.

भंडाऱ्याचा हा माणूस १९८४ साली ओक्लाहोमाच्या विद्यापीठात पशुआहारावर संशोधन करत होता. हिवाळ्यात तिथलं माळरानाचं गवत उभं असतं, पण मेलेलं. गाई ते पोटभर खातात आणि वाळत जातात. रोज थोडी प्रथिनं दिली तर तेच गवत अंगी लागतं, एवढं त्यांना एका कळपावर दाखवायचं होतं. कळप मिळाला नाही तर जूनमध्ये नोकरी संपणार होती. तीन रँचवाल्यांनी नकार दिला होता. चौथ्यानं, वॉल्टरनं, फोनवर सांगितलं, "शनिवारी या. येताना केक आणा, बघू."

"केक मागितलाय," भानुदासांनी बायकोला सांगितलं.

"पहिल्याच भेटीत?" संघमित्रा म्हणाली. "माणूस मोकळा दिसतो."

तिनं चार अंडी फोडली, अननस घातला, वर क्रीमनं वॉल्टरचं नाव काढलं. चाळीस मैल ती तो डबा मांडीवर धरून बसली.

फाटकाशी वॉल्टरनं पिकअपचा हॉर्न वाजवला. दोनशे गाई माळावरून धावत आल्या.

"कुठंय केक?"

संघमित्रानं झाकण काढलं. वॉल्टर बराच वेळ स्वतःचं नाव वाचत राहिला. मग त्यानं सांगितलं, की इकडे सरकीच्या पेंडीच्या कांड्यांना केक म्हणतात.

भानुदासांचे कान लाल झाले. सरकीच्या पेंडीवर त्यांनी दोनशे दहा पानांचा प्रबंध लिहिला होता. त्यात 'कॉटनसीड केक' पानोपानी होता, नुसता 'केक' कुठंच नव्हता.

"अहो, पेंडच म्हणायचं होतं तर पेंड म्हणायचं ना त्यानं," संघमित्रा मराठीत पुटपुटली.

"तू गप बस जरा."

वॉल्टरनं त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि केक कापला. भानुदासांनी नायट्रोजनपासून सुरुवात केली. जंतूंपर्यंत येईतो वॉल्टरचे दोन तुकडे संपले होते.

"माझ्याकडे गवत ढिगानं आहे," तो म्हणाला. "पेंड मी बर्फ पडला तरच घालतो. रोज कशाला?" मग संघमित्राकडे वळून, "तुम्हाला पटतं हे?"

तिला नायट्रोजनमधलं काही कळत नव्हतं. जून मात्र कळत होता.

"यांना नुसता भात वाढा," ती आपल्या तुटक इंग्रजीत म्हणाली. "दोन घास खातात, बसून राहतात. वर वाटीभर वरण घाला, पातेलं रिकामं करतात. वरण थोडंच लागतं. पण त्याशिवाय भात जात नाही."

वॉल्टरनं भानुदासांच्या पोटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"पन्नास गाई," तो म्हणाला. "वासरं होईपर्यंत. पोती मागच्या शेडमध्ये आहेत, आजपासून घाला."

"अहो, थँक यू तरी म्हणा," संघमित्रा म्हणाली.

भानुदासांनी बशी टेबलावर ठेवली, दार उघडलं आणि ते पोती काढायला शेडकडे चालू लागले.