येऊन राहिला

"पॅनक्रियाज," डॉक्टर म्हणाले आणि लगेच मराठीवर आले. "स्वादुपिंड. जठराच्या मागे असतं. गाठ तिथली आहे आणि लिव्हरपर्यंत पोचली आहे."

माझी बायको शांता म्हणाली, "मंग डोये काहून पिवळे झाले?"

गाठीने पित्ताची नळी दाबली होती. आणि आम्ही हिवरखेडच्या तिच्या माहेरून आलेला काविळीचा पाला वाटून तिला देत होतो. तुमच्या घरी कोणाची कावीळ हटत नसेल, वजन उतरत असेल, तर पाला ठेवा बाजूला आणि सोनोग्राफी करा. हे सांगायलाच लिहायला बसलो. बाकीचे ओघाने येत आहे.

राजापेठेतल्या घरी परतताना ती रिक्षात एवढेच बोलली, "मले एकटं सोडू नका." मी शब्द दिला.

अमरावतीच्याच दवाखान्यात स्टेंट बसवला. स्टेंट म्हणजे नळी उघडी ठेवणारी बारीक नळी. तिथले डॉक्टर तरुण, पुण्याचे. दुसऱ्या दिवशी शांता त्यांना म्हणाली, "पोट दुखून राहिलं, साहेब."

"राहिलं ना? छान!" म्हणत ते पुढच्या बेडकडे वळले.

मी मराठीचा मास्तर. मागे धावलो. आमच्या वऱ्हाडात दुखून राहिलं म्हणजे दुखायचं थांबलं नव्हे, दुखतंय, चालूच आहे, हे त्यांना समजावले. शांता म्हणाली, "एवढा शिकला बिचारा, अन् मराठी येत नाई."

आम्ही ख्रिस्ती. तिची श्रद्धा सरळ होती, माझी प्रवचनात घड्याळ पाहणारी. देवाकडे मी एकच मागत होतो, ही बरी होऊ दे. उत्तर येत नव्हते.

आला तो एक सुवार्तिक, म्हणजे येशूचा फिरता प्रचारक, कोट घालून, मागे व्हिडिओवाला घेऊन. हात उंचावून त्याने गाठीला निघून जाण्याची आज्ञा केली. वॉर्ड दणाणला.

"भाऊ, हळू बोला," शांता म्हणाली. "देव बहिरा नाई. अन् त्या बाईचा आत्ता कुठं डोया लागला."

ती बाई पातूरची सलमाबी. मुलाने कपाशीवर फवारायचे औषध घेतले होते. तो आयसीयूत होता आणि चक्कर येऊन पडल्याने तिला इथे सलाइन लावले होते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या त्या वर्षांत असा एक तरी जण दवाखान्यात असायचाच. मुलगा गेला, तेव्हा सुवार्तिक केव्हाच निघून गेला होता, नाहीतर त्याच्याकडे उत्तर तयार असते. शांता स्वतःच्या सलाइनची स्टँडवरची बाटली सांभाळत सलमाबीच्या बेडवर जाऊन बसली आणि तिचा हात धरून रडली.

नंतर मी चिडून विचारले, "कुठे होता तुझा येशू?"

"तिथंच असन. रडून राहिला असन."

पुढे पॅलिएटिव्ह केअर सुरू झाली. म्हणजे आजार हटवायचा नाही, वेदना हटवायची. मॉर्फिनला घाबरू नका. मी घाबरलो आणि तिला उगाच चार दिवस जास्त दुखले.

एका दुपारी मी औषध आणायला खाली गेलो. दुकानात गर्दी होती. वर आलो तर डॉक्टर तिच्या बेडपाशी उभे होते, आणि ती गेली होती.

दिलेला शब्द आठवून मी भिंतीला टेकलो.

"सर, मी राउंडला होतो," डॉक्टर म्हणाले. "काकू दाराकडे पाहून म्हणाल्या, येशू येऊन राहिला. मला वाटलं, गुंगीत आहेत. विचारलं, कधी आला? तर हसल्या. पण सर, एकट्या नव्हत्या त्या. तो येऊन राहिला होता ना."

चूक सुधारायला माझे तोंड उघडले. ती म्हणाली होती, येतो आहे, वाटेत आहे. यांनी ऐकले, आला आणि थांबला. उभा जन्म मी पोरांच्या वह्यांत अशाच वाक्यांखाली लाल रेघ ओढली होती.

या वाक्याखाली ओढली नाही. त्या दिवशी मराठी त्यांनाच जास्त येत होती. त्यांचे आभार मानायचे राहून गेले, ते इथे मानतो.

लोक विचारतात, मास्तर, कसे आहात? मी सांगतो, सावरून राहिलो. अमरावतीत सगळ्यांना बरोबर कळते.