सुकेळी कोण देणार?

माणिकपूरला एका मालवाहतूक कंपनीच्या ऑफिसात मी नोकरी करते. दिवसभर फोनवर एकच तुणतुणं: माल निघाला का, कुठे अडला, गाडी बंद पडली तर दुसरी कुठाय. संध्याकाळी गास गावात घरी आले की सासूबाई विचारतात, "आज कुणाच्या नावाने ओरडलीस?" माझी नोकरी म्हणजे पगारी भांडण, असं त्यांचं मत आहे. अगदीच चूक नाही म्हणा.

सासूबाई सुकेळी करतात. वाडीतली राजेळी केळी पिकली की सोलायची, बांबूच्या कामट्या विणून केलेल्या ताटव्यांवर मांडून अंगणात उन्हात ठेवायची, रोज उलटायची, दव पडायच्या आत घरात घ्यायची. चांगली सुकली की केळीच्याच खोडाच्या वाळक्या सोपटात गुंडाळून केळीच्याच दोरीने बांधायची. आमच्या आळीत एवढा खटाटोप आता त्याच करतात. नवऱ्याला मात्र राजेळीचं बेट काढून तिथे गाडीची शेड हवी होती. दोघांची रोज जुंपायची. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "यंदाची सुकेळी बिघडली तर खुशाल तोड. मी अडवणार नाही."

आणि यंदाच मुंबईच्या एका दुकानाचा माणूस माल बघायला आला. त्यांना म्हणे प्लॅस्टिक नको, कचरा नको, सगळं 'सस्टेनेबल' हवं. सालं कुठे टाकता? म्हशीला. घड काढल्यावर उरलेलं खोड? कुजवून पुढच्या केळीला. पॅकिंग? सासूबाईंनी सोपट उचलून दाखवलं. वीज किती लागते, या प्रश्नावर त्यांनी नुसतं वर सूर्याकडे बघितलं. मला हसू आवरेना. याच विषयावर आमच्या ऑफिसात मोठं प्रेझेंटेशन झालं होतं, आणि समोसे प्लॅस्टिकच्या प्लेटींतून आले होते.

तो माणूस निघता निघता म्हणाला, "आजी, सगळं उत्तम. पण उद्या तुम्ही आजारी पडलात, तर माल कोण देणार?"

सासूबाईंचं तोंड म्हणजे पट्टा. पण त्या दिवशी त्या उठून सोपटं आवरायला लागल्या. मला त्या माणसाचा मनापासून राग आला. प्रश्न रास्त होता, म्हणून जास्तच.

तरी त्याने ऑर्डर दिली आणि आम्ही दुकानासाठी केळी वाळत टाकली. अर्धी सुकली असतील नसतील, एका सकाळी ती उलटता उलटता सासूबाई अंगणातच कोसळल्या. मी आणि नवऱ्याने त्यांना रिक्षात घातलं आणि हॉस्पिटल गाठलं. रक्तदाब वाढला होता, डॉक्टरांनी ठेवून घेतलं. दुपारी त्या जरा सावरल्या आणि तेवढ्यात खिडकीबाहेर अंधारून आलं. भर मार्च महिन्यात सर पडली. ताटवे अंगणात तसेच उघडे होते, आणि अर्धवट सुकलेलं केळं भिजलं की आंबलंच.

सासूबाईंनी खिडकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "जाऊ दे." ही बाई भाजीवाल्याला कढीपत्त्याची काडीसुद्धा सोडत नाही. तिच्या तोंडून 'जाऊ दे' मला ऐकवेना. नवऱ्याला तिथे बसवून मी रिक्षाने घरी सुटले.

अंगण ओलं होतं आणि रिकामं. एकही ताटवा नाही. आधी वाटलं, चोरी झाली. मी कपाळाला हात लावून उभी, एवढ्यात समोरच्या घरातल्या मावशी दारात आल्या. "कुठं होतीस? कशी आहे ती? ये आत, पण हात धू आधी."

त्यांच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सोफ्यावर सुकेळी, जेवणाच्या टेबलावर सुकेळी, क्रूस ठेवलेल्या आल्तारासमोर मेणबत्त्या बाजूला सारून तिथेही सुकेळी. पंखा गरगरत होता. "बाकीची?" मी विचारलं. त्यांनी मला आणखी चार घरी नेलं. एका घरी ती नातवाच्या मच्छरदाणीत होती. एका घरी इस्त्रीच्या टेबलावर. शेवटच्या घरी एक आजोबा वर्तमानपत्राने माश्या हाकत बसले होते आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "एक पण खाल्लं नाही हां."

"कुणी सांगितलं हे सगळं उचलायला?" मी विचारलं.

मावशींना प्रश्नच कळला नाही. "सांगायचं काय त्यात? पूर्वी सगळ्यांच्याच अंगणात सुकेळी असायची. ढग आला की जो जवळ तो उचलणार. कुणाची ते नंतर बघायचं."

त्यांच्या घरची सुकेळी कधीच बंद झाली होती. ही सवय तेवढी राहिली होती. एक गाडी पोचवायला मी वीस फोन करते, आणि इथे एकही फोन झाला नव्हता. मी थक्क झाले, आणि खोटं कशाला बोलू, मावशींच्या दारात उभी राहून रडले.

पुढे ऊन पडलं. ज्याने त्याने आपापल्या अंगणात ताटवे मांडले. सासूबाई हॉस्पिटलातून आल्या आणि घरात शिरायच्या आधी पाची घरं फिरल्या, माझा हात धरून. प्रत्येक ताटव्यातलं एकेक सुकेळं दोन बोटांत दाबून पाहिलं. शेवटी आजोबांच्या पायरीवर बसल्या आणि मागून आलेल्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "राजेळीच्या बेटात कुदळ घाल."

त्याचा चेहरा खुलला.

"पिल्लं काढ नुसती. पाच घरी एकेक लावून ये."

मग माझ्याकडे वळल्या. "त्या दुकानवाल्याला फोन लाव. सांग, मी आजारी पडले होते. माल तयार आहे."