वेम्बलीचा नारळ

नव्वदच्या आसपासची गोष्ट. बाबा गेल्यावर मी आईला इंग्लंडला, मिल्टन कीन्सच्या माझ्या घरी घेऊन आले, ती कायमची ठेवून घ्यायच्या बेतानं. तीन महिने झाले तरी बाईसाहेबांचे कपडे बॅगेतून कपाटात जाईनात. म्हणून एका शनिवारी तिला वेल्सचा समुद्र दाखवायला नेलं. कोकणातली बाई, समुद्र बघून विरघळेल, असा माझा शहाणपणा.

समुद्र होता, पण संरक्षित. पाट्याच पाट्या! वाट सोडू नका, फुलं तोडू नका, दगड उचलू नका. आई म्हणाली, "अगं, श्वास तरी घ्यायचा ना?"

कड्यावर पुरुषभर उंचीचा एक उभा दगड होता, भोवती दोरी. इथल्या मूळ रहिवाशांनी हजारो वर्षांपूर्वी उभारला, कशासाठी ते अज्ञात, अशी पाटी. मी वाचून दाखवली तर ती हसायलाच लागली. "अज्ञात कसलं डोंबल! गावच्या सीमेवरचा राखणदार आहे हा." मी थर्मास उघडतेय तोवर बाई दोरीखालून आत. समुद्राला वाहायला लंडनच्या वेम्बलीतल्या देशी दुकानातून आणलेला नारळ तिनं पायथ्याच्या खडकावर फटकन फोडला.

किनाऱ्यावर देखरेख करणारा वॉर्डन धावत आला. हाफपँट, लालबुंद गुडघे. मी सात वेळा सॉरी म्हटलं. इथं राहून तेवढं आपोआप येतं. आईनं त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. "प्रसाद आहे, खा म्हणावं." बिचाऱ्यानं खाल्ला आणि वहीत काहीतरी लिहिलं. बहुधा खोबरं.

"याला विचार, या देवाची माणसं कुठं गेली?"

मी विचारलं. "कुणीच उरलं नाही," तो म्हणाला. "म्हणून तर आम्ही इतकं जपतो."

मी ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं. माझी अक्कल! आईनं करवंट्या पिशवीत भरल्या, दगडाला हात जोडले आणि गाडीकडे निघाली.

गाडीत मी हीटर लावला, तिच्या पायांवर ब्लँकेट घातलं.

"छान जपतेस गं मला," ती म्हणाली. "पण आपली अख्खी वाडी मुंबईला गेली. आपल्या राखणदाराला नारळ देणारी मी एकटीच उरलेय. मला पाठव."

"आणि मला कोण आहे?" मी खेकसलेच. खेकसता खेकसता रडू फुटलं.

तिनं मला जवळ घेतलं, डोळे पुसले, पाठीवरून हात फिरवला. सोमवारी मी तिचं तिकीट काढलं.