मोडेमचा आवाज कुणी बंद केला?

त्या संध्याकाळी माझा मोडेम ओरडला नाही. एरवी फोनच्या तारेवरून ऑफिसच्या मशीनशी जोडायचं म्हणजे मी ATDT आणि पुढे नंबर टाइप करायची, मग त्या पेटीतून आधी आकड्यांची टुकटुक आणि नंतर किंचाळणं, खरखर असा सगळा तमाशा व्हायचा. अप्पा हॉलमधून विचारायचे, "कुणाचा गळा दाबतेस गं?" त्या दिवशी नंबर लागला, जोडणी झाली, पण घर गप्प. खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली.

AT&V असं टाइप केलं की मोडेम आपली सगळी सेटिंग पडद्यावर दाखवतो. मी विचारलं. M0, म्हणजे आवाज बंद. आणि S0 पुढे एक, म्हणजे कुणाचाही फोन आला की पहिल्याच रिंगला मोडेमनं तो स्वतः उचलायचा. यातलं मी काहीही केलं नव्हतं. बरं, हे चुकून दाबलं गेलं म्हणावं तर मोडेम बंद करून चालू केला तरी तेच. म्हणजे कुणीतरी मुद्दाम &W देऊन ते पक्कं करून ठेवलं होतं.

घरात आम्ही तिघं. आई संगणकाला फडकं मारण्यापुरताच हात लावत असे. राहिले अप्पा.

अप्पांवर संशय घ्यायला कारणही होतं. माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, परजातीतल्या मुलाशी लग्न केलं आणि ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेब्बाळला राहायला गेली. तेव्हापासून आमच्या जे. पी. नगरच्या घरात तिचं नाव काढायचं नाही, असा अप्पांचा हुकूम. फोन त्यांच्या खुर्चीशेजारी. तिचा आवाज आला की ते एक शब्द न बोलता रिसीव्हर खाली ठेवत. आईला लेकीशी बोलायची दुसरी वाट नव्हती. गुडघ्यांमुळे ती एकटी बाहेर पडत नसे, आणि कोपऱ्यावरचा टेलिफोन बूथवाला अप्पांचाच दोस्त. आता रिसीव्हर ठेवायचेही कष्ट नकोत म्हणून यांनी कुणाकडून तरी मोडेमलाच पहाऱ्यावर बसवलंय, अशी माझी खात्री झाली. अक्का फोन करणार, तिच्या कानात ती किंचाळी जाणार, आणि शेवटी कंटाळून ती फोन करायचंच सोडणार. मला इतका संताप आला की जेवताना मी त्यांना ताक वाढलं नाही. त्यांनी ते हात लांब करून स्वतःच घेतलं.

मी सगळं सेटिंग पूर्ववत केलं. दोन-तीन दिवसांनी पाहते तर पुन्हा जैसे थे.

आणि इकडे अप्पांचा संशय माझ्यावर! जन्मभर ऑडिट खात्यात काढलेला माणूस, त्यांना सरळ काही दिसतच नसे.

"दुपारी फोन एकदाच वाजतो आणि गप्प होतो," ते म्हणाले. "उचलला तर आत कुणीतरी खाकरतंय. ही खूण आहे. कोण आहे तो?"

"दुपारी मी ऑफिसात असते, अप्पा. मला खूण करून त्याला काय मिळणार?"

"ते तुलाच ठाऊक. चोराच्या वाटा चोराला. एक गेली, आता दुसरीची पाळी."

मग मीही हट्टाला पेटले. एक दिवस रजा टाकली. त्या दिवशी नेमकी शेजारीण आईला ऑटोत घालून डॉक्टरकडे घेऊन गेली होती, गुडघे दाखवायला. मी अप्पांना म्हटलं, "या आत, तुमचा चोर तुमच्यासमोरच पकडते." मनात होतं त्यांनाच तोंडघशी पाडायचं. मोडेम चालू केला, सेटिंगला हात लावला नाही.

"स्वल्प थांब," म्हणत त्यांनी खुर्ची ओढून आणली, चष्मा पुसला.

दुपारची भांडी घासून होतात त्या सुमाराला हॉलमधला फोन एकदा वाजला आणि थांबला. मोडेमचे दिवे लुकलुकले. पडद्यावर CONNECT आलं आणि त्याखाली इंग्रजी अक्षरांत मराठी उमटायला लागलं.

"आई, जेवलीस का? गुडघे कसे आहेत?"

आई! लग्नाआधी चिकपेटला क्लासात जाऊन टायपिंगची परीक्षा पास झालेली माझी आई. आम्ही ते साफ विसरलो होतो. दुपारी "जरा पडते" म्हणून ती दार लोटून घ्यायची, ती या खुर्चीवर बसायला. आणि भिंतीपलीकडे अप्पा संशयानं रिसीव्हर उचलत, तेव्हा दर वेळी मायलेकींचं बोलणं तुटत होतं. अक्काकडेही संगणक आणि मोडेम असणार; पण मोडेमला काय सांगायचं ते तिनं आईला केव्हा आणि कसं शिकवलं, मला आजही माहीत नाही. मी काही विचारायला गेले नाही.

अप्पा आता वायर उपटणार, अशी मला भीती वाटली. मी मोडेमवर हात ठेवला.

"आई? आहेस ना?"

"उत्तर दे की," अप्पा म्हणाले.

"काय देऊ?"

"जेवले म्हण. गुडघे बरे आहेत म्हण."

मी टाइप केलं. अक्का भराभर लिहीत सुटली. घरात पाणी एक दिवसाआड येतं. आज कटाची आमटी केली, पण तुझ्यासारखी जमली नाही.

"गूळ आधी घालते ती," अप्पा पुटपुटले. "पहिल्यापासून तेच."

"हे लिहू?"

"नको. आई असं बोलत नाही."

मग अक्षरं आली, "अप्पांना संशय नाही ना आला?"

अप्पा पुढे वाकले. ती ओळ वाचून झाल्यावरही ते तसेच वाकलेले राहिले. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं.

"लिही," ते म्हणाले. "त्यांना कुठलं काय कळतंय!"