यादीतलं पहिलं नाव

आमच्या ब्रह्मपुरीच्या कॉलेजात सर्व्हर सांभाळणारा माणूस माउसला सहसा हात लावत नाही. काळ्या पडद्यावर दोन बोटांनी कमांड टाइप करतो आणि उत्तर येईपर्यंत हनुवटी खाजवत मला म्हणतो, "थांबा बाई, त्याले विचारून राह्यलो." सर्व्हर त्याच्या लेखी घरचाच माणूस.

परीक्षा झाल्यावर प्राचार्यांनी त्याला विचारलं, गुणांचं फोल्डर कोणाकोणाला उघडता येतं? त्याने कमांड दिली आणि परवानग्यांची यादी पडद्यावर उतरली.

"सर, पहिलं नाव माझंच हाय," तो म्हणाला. "माझी पोरगी यंदा शेवटच्या वर्षाले हाय. मले काढून टाकतो."

"अहो, तुमच्यावर विश्वास आहे आमचा."

"तुमचा हाय सर. माझाच माझ्यावर नाई."

त्याने स्वतःचं नाव काढलं आणि पुन्हा यादी मागवून प्राचार्यांना दाखवली.

निकालाच्या दिवशी मी ऑफिसच्या खिडकीत गुणपत्रिका वाटत होते, तेव्हा तो इतर पालकांबरोबर रांगेत उभा होता. मी हाक मारली तरी पुढे आला नाही. नंबर लागल्यावर मी त्याला सांगितलं, मुलगी प्रथम श्रेणीत पास झाली. त्याने गुणपत्रिका दोनदा वाचली. मग मागे वळून रांगेतल्या अनोळखी बाईंनाही एकेक विषय वाचून दाखवू लागला.