धम्मदीपचं ‘बघू’

माझा नवरा धम्मदीप अमरावतीचा. उभ्या जन्मात समुद्र पाहिलेला नाही आणि नोकरी मात्र समुद्राची! पुण्यात खराडीला, सातव्या मजल्यावर, बिनखिडकीच्या खोलीत. परदेशातल्या कुठल्याशा समुद्रात, जहाजापासून तळापर्यंत, तेल वाहणाऱ्या जाड, वाकणाऱ्या नळ्या सोडलेल्या असतात. त्यांच्या कवचात पोलादी तारा आणि त्यांच्या जोडीला केसाएवढी काचेची तार. तिच्यातून उजेड सोडला की कुठं किती ताण आलाय ते इथं स्क्रीनवर दिसतं. एक पोलादी तार तुटली की तिचा भार शेजारच्या तारांवर पडतो. ऑफिसातही तेच. जोडीदार नोकरी सोडून गेले, सगळा भार याच्यावर.

त्यात एका नळीच्या तारा तुटायला लागल्या. ती बदलेपर्यंत कुणीतरी डोळ्यात तेल घालून बसायचं. कोण? आमचा शहाणा! नळी फुटली तर वर जहाजावर माणसं आहेत, हे त्याच्या मनातून जाईना.

इकडं अमरावतीला त्याची आई एकटी. एक डोळा काचबिंदूनं गेलेला, दुसऱ्याचं ऑपरेशन लांबलं तर तोही जाणार. पण त्यांचा हट्ट, “दीपू आल्याशिवाय मी टेबलावर झोपत नाही.”

यानं रजा मागितली. साहेब अस्सल पुणेकर. म्हणाले, “बघू.” हा बॅग भरून मोकळा! यांच्या घरात आई ‘बघू’ म्हणाली की काम झालंच समजायचं.

मी कपाळाला हात लावला. “अरे बाबा, पुण्यात ‘बघू’ म्हणजे ‘नाही’.”

पुन्हा मागितली. पुन्हा “बघू.” बॅग पलंगाखाली तशीच.

मग आईंचा फोन आला. “ऑपरेशनला गुरुवारी बोलावलंय रे. येशील ना?”

याची नजर मोबाईलवरच्या आलेखात. “बघू, आई.”

माझा घास तोंडातच राहिला. पुरता पुणेकर झाला मेला! असा संताप आला म्हणून सांगू!

गुरुवारी खाली ऑफिसची कॅब हॉर्न मारत होती, हा बूट घालत होता, तेवढ्यात आईंचा फोन. “मी दवाखान्यात येऊन बसले. डॉक्टरला म्हटलं थांबा, पोरगा येऊन राहिला. फाटक वाजलं की तुला हाक मारते, पण दुसराच कोणी निघतो.”

तो बुटाची नाडी धरून बसून राहिला.

“सांग की त्यांना!” मी म्हणाले. शेवटी मीच फोन घेतला. “आई, तो नाही येत. तुम्ही ऑपरेशन करून घ्या.”

“असं कसं, पूर्वा?” त्या हसल्या. “बघू म्हणाला ना तो!”